काट्यावरचे साठ किलो

भुतं रात्रीच निघतात असं ज्याला वाटतं, त्यानं दिंद्रुडच्या वाटेवरच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये भर दुपारी जाऊन यावं. धड परत आला तर चहा माझ्याकडून.

वडवणीचा सलीम तिथं गेलता तो संगणक दुरुस्तीच्या साध्या कामाला. फाटकातून येणारं-जाणारं प्रत्येक वाहन वजनकाट्यावरून जायचं, तसा मालकांचा दंडकच. सलीमची मोटरसायकल काट्यावर चढली आणि बाहेरच्या पाटीवर लाल आकडा उमटला. गाडी अन् सलीम मिळून एकशे नव्वद. पण हा आकडा वरच्या केबिनमधल्या संगणकात जात नव्हता, पावती निघत नव्हती.

मालक विजयसिंहांनी गाडी काट्याशेजारी लावायला सांगून आधी तिची किल्ली काढून घेतली.

"पावती निघाल्याबिगर किल्ली न्हाई. मागचा ऑपरेटर काम सोडून पळाला. तू पळून दाखव बे."

सलीम लोखंडी जिना चढला. हंगाम सरलेला, यंत्रं गप्प. सरकीचा कुबट वास नाकात बसत होता.

त्या संगणकाच्या पोटात दुसरा एक संगणक होता, लिनक्सचा. हाडामांसाचा नाही, नुसता आभासी. वजनाचं सगळं काम आतल्याकडं. बाहेरच्याशी त्याचं बोलणं चालतं ते काही छोट्या कमांडांवर, म्हणजे टाइप करायच्या हुकमांवर. सलीमनं पहिली मारली. उत्तर आलं, कमांड नॉट फाउंड. दुसरी मारली, तेच. कुणीतरी एकेक वेचून उपटली होती.

"भाऊ, ते जोडू नका..."

दारात छबुबाई उभी होती, झाडू घेऊन.

"कावून? का नको?"

"धोंडीराम काट्यावर असायचा, तवा रोज सकाळी सोता हुबा राहून काटा तपासायचा. साठ किलो. रुईची गठाण दाबायच्या प्रेसमंदी सापडून गेला बिचारा... मालकानं प्रेस थांबवली न्हाई. गठाण पुरी केली." तिनं जिन्याकडं पाहिलं. "तवापून रोज सकाळी, रिकाम्या काट्यावर साठच. मागल्या पोरानं ही वाट तोडली अन् पळाला. आत हाय त्यो. आतच राहू द्या..."

खालून मालक गरजले, "सल्या, झोपलास का?"

किल्ली मालकांच्या खिशात. सलीमनं अल्लाचं नाव घेतलं आणि कमांडा पुन्हा बसवल्या. पहिलीच मारली, चालली.

बाहेर काट्याचा पत्रा कर्रकन वाजला. काट्यावर कुणी नव्हतं. पडद्यावर मात्र साठ, अन् तशी पावतीही निघाली.

सलीम धावतच खाली आला. पावती निघाल्याचं ऐकून मालकांनी किल्ली फेकली. गाडीला किक मारून तो काट्यावर चढला, तोच मागचं चाक दबलं. पाटीवर आकडा उमटला. दोनशे पन्नास.

"साठ किलो जास्त?" मालक तरातरा आले. "रुई चोरतो व्हय बे? उतर."

सलीम उतरला. मागं बघायची हिंमत झाली नाही. मालकांनी बाजूची डिकी उघडली, सीट चाचपली. सीट गार होती. हात झटकून त्यांनी शिवी हासडली आणि पावती बघायला जिन्याकडं वळले.

सलीम परत गाडीवर बसला. भीतभीत पाटीकडं पाहिलं. एकशे नव्वद.

वर मालकांची पावलं लोखंडी जिन्यावर खणखणत होती. ते केबिनच्या दारात पोचले, थांबले.

जिना वाजतच होता...