सर, तुम्ही बाहेर

"सर, तुम्ही बाहेर थांबा," म्हणत मी सातवीच्या वर्गाचं दार त्यांच्या तोंडावर लावलं. लगेच टकटक.

"मॅडम... माझा डबा आत राहिलाय."

मुलं खिदळली. डबा घेताना सरांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की पुढच्या सूचना वाचताना माझीच बोबडी वळली.

आमच्या संस्थेचं संशोधन बारा-तेरा वर्षांच्या मुलांवर. सिगारेट, दारू, मारामाऱ्या... या वयात पाऊल कशानं घसरतं आणि कुणामुळे सावरतं, ते शोधायचं. शिक्षक समोर असले की मुलं खरं लिहीत नाहीत, म्हणून ते बाहेर. प्रश्नावलीतले अर्धे प्रश्न त्या दिवशी, उरलेले पुढच्या आठवड्यात.

मधल्या आठवड्यात शाळेसमोरच्या टपरीवर सरांचा आणि माझा चहा झाला. मग आणखी एकदा.

"माझ्या वर्गातलं कोण सिगारेट ओढतं, एवढंच सांगा ना," ते म्हणाले. "गेल्या वर्षी एक मुलगा माझ्या डोळ्यांदेखत वाया गेला."

"मुलं नाव लिहीत नाहीत. आणि लिहिलं असतं तरी तुम्हाला सांगितलं नसतं." मी चांगलंच झापलं. ओशाळून त्यांनी माझ्या चहात साखर घातली. मी बिनसाखरेचा पिते... पण तो प्यायले.

दुसऱ्या फेरीला कागद वाटले, तर एकही पेन हलेना. पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "ताई, तुम्ही सरांबरोबर चहा पीत होतात. आमचं सगळं त्यांना सांगणार ना?"

"नाही गं," मी म्हणाले, पण कुणाला पटेना. ही मुलं आता कुठल्याच मोठ्या माणसावर विश्वास ठेवणार नव्हती, आणि त्याला कारण मी होते.

दार उघडलं. बाहेर सरांना सगळं ऐकू गेलं होतं.

"दोन मिनिटं, मॅडम." ते फळ्यापाशी उभे राहिले, कानापर्यंत लाल. "मी यांना तुमच्याबद्दल विचारलं होतं. चूक माझी. त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही, उलट मलाच झापलं. आणि चहाचं म्हणाल तर... मला त्या आवडतात. तेवढंच."

दार ओढून घेत ते बाहेर गेले.

"आणि ताई, तुम्हाला?" तीच मुलगी.

पंचवीस-तीस मुलांचे डोळे माझ्यावर. दाराबाहेर पावलं थबकली होती. आता टाळलं असतं, तर यांनी तरी खरं का लिहावं?

"मलाही," मी म्हणाले. मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल असं.

मुलीनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मग ती खाली बसली आणि लिहायला लागली.