अमरेशची उजवी पोटरी

हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय. कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. मलाही आधी सगळा बनावच वाटला होता.

मी महेश्वरी. सोलापुरात होटगी रोडच्या एका सेंटरवर एमआरआय मशीन चालवते. स्वभावानं संशयी. 'अंगावर धातू नाही' असं पेशंटनं शपथेवर सांगितलं, तरी मी खिसे तपासते.

धाकटा अमरेश गावी, वळसंगला असतो. पोलीस भरती बारा दिवसांवर आली आणि यानं पळणंच सोडलं.

"अक्का, उजवा पाय माजा न्हायच वाटत."

घाबरलाय, म्हणून नाटकं करतोय, असं मी धरून चालले.

आमच्याकडे स्नायूंची एक तपासणी होते. मशीनमध्ये झोपून पायानं पॅडल दाबायचं. दाबताना पोटरीतलं इंधन उतरतं, थांबलं की परत भरतं. स्क्रीनवर त्याची रेघ दिसते. तिथं थापा चालत नाहीत. म्हणून मीच त्याला ओढून आणलं.

फेब्रुवारीतला मंगळवार. दुपारचे अडीच.

"दाब," मी माईकवरून सांगितलं.

ठक... ठक... ठक...

रेघ जागची हलेना. पॅडल चाललंय आणि इंधन तसंच?

"नीट दाब की रे."

"मी दाबतच न्हाय, अक्का. आपोआप चाललंय."

माझं डोकंच फिरलं. आत गेले. त्याचा पाय पॅडलवरून उचलला आणि बाजूला पट्ट्यानं करकचून बांधला. आता कर म्हणावं नाटक.

बाहेर येऊन खुर्चीत बसले.

ठक...

काचेतून पाहिलं. पाय बांधलेलाच होता. पॅडल एकटंच खालीवर होत होतं.

आणि आता... रेघ घसरायला लागली.

"अक्का," आतून आवाज आला, "त्याला थांबव की."

मी मशीन बंद केलं.

डॉक्टरांना सांगितलं, रीडिंग बिघडलं. पट्ट्याचं बोललेच नाही. पॅडलमध्येच काहीतरी गडबड असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली. घरी मात्र छातीठोकपणे सांगितलं, "पाय ठणठणीत हाय. पळायला लावा त्याला."

भरतीच्या दिवशी मी कुंपणाबाहेर उभी होते. सोळाशे मीटर. अमरेश पहिला आला. रेषा ओलांडली...

पण थांबला नाही.

दोघा पोलिसांनी धावत जाऊन त्याला धरलं. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. मी आत घुसून जवळ गेले, तर एवढंच म्हणाला, "मी पळलो न्हाय, अक्का. तुला आदीच सांगितलं होतं की."

त्याचं खरं होतं आणि मी त्यालाच खोटं पाडलं. याची मला लाज वाटते.

पुढं लेखी परीक्षा झाली, यादीत नाव लागलं. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, गावभर पेढे वाटले. अमरेश दोन्ही हातांनी पोटरी दाबून बसून असतो, माझ्याशी बोलत नाही.

शुक्रवारी त्याला ट्रेनिंगला जायचंय. त्यानं जाऊ नये असं मला वाटतं. पण आप्पांना काय कारण सांगू, ते अजून सुचलेलं नाही.