चौथा सेन्सर

परशुरामचं डोकं आणि दोन्ही हात प्रेसखाली चिरडले होते. वागळे इस्टेटमधल्या त्या शेडची फरशी रक्ताने निसरडी झालेली.

निरीक्षक रचना भालेराव मशीनमागे गेल्या. आत गेलेला हात ओळखणाऱ्या सेन्सरची तार निघाली होती. प्लगचे स्क्रू कोणीतरी काढून बाजूला ठेवले होते.

"अडकलेला पत्रा काढायला तो आत वाकलेला," सुपरवायझर काळुराम म्हणाला. "पेडलवर त्याचाच पाय पडला असेल."

मृतदेह हलवल्यावर त्यांनी घोडबंदर रोडवरून प्रफुल्लला बोलावलं. सेन्सर वाचणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्याने लिहिला होता.

"तार निघाली तर?"

"वाचताना एरर येते. एरर आली की प्रेस थांबतो."

"चारही सेन्सरना?"

"चारही."

"दाखवा."

पुढचं दार, मागचं दार, तेलाचा दाब. एकेक तार काढली, प्रेस थांबला. काळुराम शेजारी निवांत तंबाखू मळत होता.

हाताच्या सेन्सरची तार काढून प्रफुल्लने बटण दाबलं आणि खात्रीने हात आत घातला. काळुरामने तोंड फिरवलं. रचनाबाईंनी प्रफुल्लला कॉलर धरून मागे खेचलं. प्रेस धाडकन आदळला.

प्रफुल्लने लॅपटॉपवर प्रोग्राम उघडून पाहिला. "तीन ठिकाणी एरर तपासली. इथे राहून गेली. वाचता आलं नाही तरी आधीचंच उत्तर धरलं जातंय, हात नाही म्हणून."

"तुम्हाला माहीत असतं तर हात घातला नसता," त्या म्हणाल्या. मग काळुरामकडे वळल्या. "तू मात्र प्रेस पडायच्या आधीच तोंड फिरवलंस. कसं कळलं तुला?"

"असंच."

"मार्चमध्ये इथल्या कामगार समीक्षाची चार बोटं याच प्रेसमध्ये तुटली. मघाशी तिच्याशी बोलले मी. तेव्हाही हीच तार सैल होती, तरी प्रेस पडला. तू ती गुपचूप बसवलीस आणि दोष पोरीवर टाकलास. परशुरामने ते पाहिलं होतं. उद्या तो लेबर कोर्टात तिच्या बाजूने सांगणार होता. म्हणून तू तार काढलीस, पत्रा अडकवलास. तो आत वाकल्यावर पॅनलवरचं बटण दाबलंस."

काळुरामने पाना उचलून त्यांच्या डोक्यावर हाणला. त्यांनी तो चुकवला, तरी कान फाटला. दुसरा घाव बसायच्या आत त्यांची लाठी त्याच्या मनगटावर पडली. हाड मोडल्याचा आवाज झाला.

"त्याला किती समजावलेलं," तो कण्हत म्हणाला. "गप्प बस म्हटलं. ऐकलंच नाही."

शिपायांनी त्याला बाहेर नेलं. कानावर रुमाल दाबून रचनाबाई प्रफुल्लजवळ आल्या.

"हा ड्रायव्हर अजून कुठे चालतोय?"

"अंबरनाथला. डोंबिवलीत दोन ठिकाणी." त्याने घड्याळ पाहिलं. "आत्ता शिफ्ट चालू असेल."

"फोन लावा," त्या म्हणाल्या. "आधी प्रेस बंद करायला सांगा. कारण नंतर."