नऊच्या खालची रेघ

आटलेलं मिठाचं तळं पाहायला मोजणीदार आणि त्याचा मेहुणा सकाळीच जीप घेऊन निघाले. मोजणीदाराची बायको गुडघे धरून तंबूत राहिली.

जिथे वाटच नाही तिथे मोजणीदाराची रीत ठरलेली. वळणावळणाला लाल झेंडी रोवायची, तिच्यावर शाईने आकडा घालायचा, शेवटच्या आकड्याखाली आडवी रेघ ओढायची. रेघ म्हणजे काम संपलं. परतताना एकेक उपटून पिशवीत टाकायची.

"दाजी, सासरी पहिल्यांदा आलात तेव्हाही झेंड्या रोवल्या होत्या का?" मेहुण्याने विचारलं.

"रोवल्या असत्या, तर तेव्हाच परत नसतो का फिरलो?"

तळ्याकाठी नववी झेंडी रोवून त्याने खाली रेघ ओढली. परतीला मात्र दोघांचा जीव मेटाकुटीला आला. दोनदा चाकं रुतली, दोनदा फावड्याने वाळू उपसली. क्लचच्या जळकट वासाने डोकं धरलं होतं. कॅनमध्ये घोटभर पाणी उरलं. नऊ, आठ, सात... उन्हं कलताना पहिली झेंडी हाती आली. डावीकडच्या टेकाडाआड, हाकेच्या अंतरावर तंबू.

उजवीकडे आणखी एक लाल झेंडी फडफडत होती. वारा पडलेला होता.

मेहुण्याने जवळ जाऊन वाचलं. "दहा... अक्षर तुमचंच आहे, दाजी. पुढे अकराही दिसतेय."

"मी नऊवर थांबलो. हात लावू नकोस."

"मग ही कुणी..."

"डावीकडे घे. तुझी ताई एकटी आहे."

बायको तंबूबाहेर बसली होती. पायात बूट, मांडीवर पिशवी.

"आता कशाला आलात? येते म्हटलं ना!"

"कुणाला म्हटलंस?"

"तुम्हालाच. मघाशी बाहेरून हाक मारलीत, झेंड्या धरून ये म्हणालात. मेल्या या नाड्या बांधण्यातच अर्धा तास गेला."

"ताई," मेहुण्याने विचारलं, "तू पाहिलंस यांना?"

"कापडावर सावली पडली होती की... तुम्ही दोघं असे काय बघताय?"

 हाताला लागेल ते जीपमध्ये कोंबलं आणि इथे येताना सोडला होता त्या पक्क्या रस्त्याच्या दिशेने निघाले. बायको मागे पेंगत होती. अंग नुसतं आंबून गेलं होतं, तरी मोजणीदाराने सवयीने झेंड्यांची पिशवी उघडली. झेंड्या नऊच होत्या. हायसं वाटून त्याने नववी उलगडली, उजेडाकडे धरली, उलटून पाहिली.

आकडा होता. खाली रेघ नव्हती.

"अहो," मागून पेंगुळलेला आवाज आला, "अजून किती राहिलंय?"