राखीव गळा

आखेवाडीच्या चर्चमध्ये त्या रविवारी दुसऱ्या गीताचं तिसरं कडवं चालू असताना पहिल्या बाकावरच्या मार्थाबाई मोठ्यांदा म्हणाल्या, “एस्तेर, थांबलीस का गं? म्हन की.”

एस्तेर थांबली नव्हती. ती आईपासून दोन हातांवर उभी राहून खड्या आवाजात ओळ देत होती. आखेवाडीत पिढ्यान्‌पिढ्या अशीच रीत. एकाने ओळ द्यायची, मंडळीने ती उचलायची. एस्तेर भिंगारदिवेची पिठाची गिरणी होती, आणि गिरणीच्या घरघरीवरून गिऱ्हाइकाशी बोलून बोलून तिचा गळा असा तयार झाला होता की तिला माईक लागत नसे. शेवटच्या बाकावर डुलक्या काढणाऱ्यांनाही ती ऐकू यायची. त्या रविवारीही आली. फक्त आईला आली नाही.

मार्थाबाईंच्या कानांच्या शिरा केव्हाच मेल्या होत्या आणि डोळे काचबिंदूने नेले होते. जगाशी त्यांचं नातं उरलं होतं ते कानामागे कातडीखाली बसवलेल्या यंत्रामुळे. ते आवाज पकडायचं आणि थेट मेंदूकडे पाठवायचं. मात्र कुठलाही आवाज नव्हे. मधल्या काळात नकली आवाजांचा सुळसुळाट झाला होता. मुलाच्या, नातवाच्या हुबेहूब आवाजात रडून म्हाताऱ्यांना लुबाडण्याचे धंदे गावोगाव निघाले, तेव्हा कायदा आला. प्रत्येकाच्या गळ्याची बोटाच्या ठशासारखी नोंद झाली. तिला कंठमुद्रा म्हणू लागले. नोंद चोख असेल तोच आवाज फोनमधून, भोंग्यातून आणि कानातल्या यंत्रातून पुढे जाणार, बाकीचा वाटेतच मरणार. म्हाताऱ्यांची लुबाडणूक थांबली हे खरं. पण रोगापेक्षा इलाज भयंकर, ही म्हण काही उगाच पडलेली नाही.

घरी आल्यावर एस्तेरने आईच्या कानाशी तोंड नेऊन हाक मारली. मार्थाबाईंनी मान वळवली नाही. शेजारची सलोमी दारातून सहज म्हणाली, “मार्थाआत्या, जेवलात का?” तर लगेच उत्तर आलं, “न्हाई बाई, एस्तेर अजून आली न्हाई वाटतं.”

एस्तेर त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसली होती.

तिने यंत्राच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. तिथे तिचा आवाज पुढे जाईना, म्हणून सलोमीला बोलावं लागलं. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, “एस्तेर भिंगारदिवे यांचा आवाज राखीव झाला आहे. त्याचा मूळ हक्क हॅना टॅकेट कुटुंब-न्यास, केंटकी, अमेरिका, यांच्याकडे आहे.”

एस्तेरने फोन बंद केला. हे तिनेच करून ठेवलं होतं.

भिंगारदिव्यांच्या घरात संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर घराणं म्हणायची पद्धत होती. शुभवर्तमानाच्या आरंभी नाही का वंशावळ येते, तशी. फक्त ही बायकांची. “मी एस्तेर, मार्थाची. मार्था रिबेकाची. रिबेका सुवार्तेची. सुवार्ता देवाची.” इथे संपायचं. सुवार्ता म्हणजे मार्थाबाईंची आजी. दीडशे वर्षांमागे मिशनच्या अनाथालयाच्या पायरीवर ती कुणीतरी ठेवून गेलं होतं, आणि अशा लेकरांना तिथे आईबापांचं नाव म्हणून ‘देवाची’ एवढंच लिहीत. आयुष्यभर मार्थाबाई त्या शब्दाशी येऊन अडखळत. “देवाची तर समदीच हायती,” त्या म्हणत. “पोटात कोनी वागवली, त्ये सांगा.”

आईचे डोळे गेले तेव्हा एस्तेरने मनावर घेतलं. वंशशोध करणाऱ्या एका प्रयोगशाळेकडे तिने आईची लाळ पाठवली. उत्तर केंटकीच्या डोंगरातून आलं, आणि उत्तरामागोमाग नाताळ झाल्यावर वेंडेल टॅकेट स्वतः आले.

सत्तरी ओलांडलेला, उंच, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा माणूस. छातीवरची डबी त्यांचं बोलणं मराठीत करून सांगे, आणि तिचं मराठी इतकं सोवळं की गावातली पोरं तोंडाला हात लावून हसत. “आदरणीय भगिनी, आपल्या दर्शनाने मी कृतार्थ झालो,” डबी म्हणाली.

“ह्यो तर कीर्तनकारावानी बोलतो,” मार्थाबाई म्हणाल्या. मग हात पुढे करून त्यांनी वेंडेलचा चेहरा चाचपला, आणि कपाळाशी थबकून म्हणाल्या, “भाऊ. एस्तेर, ह्ये कपाळ माझ्या आईचं हाय.” वेंडेल टॅकेट रडले. खोटं रडले नाहीत, हेही सांगायला हवं. गोड माणसं खोटी असतातच असं नाही. ती फक्त गोड असतात.

त्यांनी आपल्या खोऱ्याविषयी सांगितलं. तिथे एक पांढरं लाकडी चर्च आहे आणि त्याच्या भिंतीवर टॅकेटांचं झाड रंगवलेलं आहे. मुळाशी हॅना, फांद्यांवर तिची मुलं, नातवंडं, पतवंडं. सगळं घराणंच गाणारं. सुवार्तागीतं गात ते गावोगाव हिंडले, रेडिओवर गाजले, बसगाडीवर नाव रंगवून देशभर फिरले. उन्हाळ्याच्या अखेरीस सगळे टॅकेट कबरस्तानाच्या गवतावर चादरी अंथरून एकत्र जेवतात आणि गातात. एक ओळ देतो, बाकीचे उचलतात.

“म्हंजे आपल्यावानीच,” मार्थाबाई म्हणाल्या.

हॅना तरुणपणी हिंदुस्थानात शिकवायला आली होती आणि ताप येऊन परत गेली, असं तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत. तो ताप कसला होता ते आता रक्ताने सांगितलं. परत जाऊन तिने लग्न केलं, मुलांना गायला शिकवलं, आणि रेकॉर्ड करणारी माणसं त्या खोऱ्यात पोचण्याच्या आदल्याच हिवाळ्यात ती गेली. ज्या गळ्यातून सगळं घराणं निघालं तो गळा कुणीच ऐकला नव्हता.

टॅकेटांना तो ऐकायचा होता. नवं तंत्र निघालं होतं: वंशजांचे गळे मोजायचे, श्वासनळीची रुंदी, टाळूची कमान, जिभेचं मूळ, त्यांना रक्तातल्या खुणांची जोड द्यायची आणि मागे मागे जात पूर्वजाचा गळा उभा करायचा. फुटलेल्या रांजणाच्या खापऱ्या जुळवाव्यात तसं. केंटकीतल्या यच्चयावत टॅकेटांचे गळे मोजून झाले, तरी हॅनाचा आवाज धुक्यातून आल्यासारखाच येत होता. रक्त पिढीगणिक पातळ होतं. पण कधी कधी एखादी खूण सगळ्या पिढ्या ओलांडून अख्खी उतरते. वेंडेलनी गिरणीच्या दारात एस्तेरला बोलताना ऐकलं, आणि ते पिठाच्या पोत्यावर बसूनच राहिले.

एस्तेरने पैसे मागितले नाहीत. “भिंतीवर सुवार्तेचं नाव घाला,” ती म्हणाली. “हॅनाच्या शेजारी. एवढंच.” वेंडेलनी तिचे दोन्ही हात धरून वचन दिलं. मग तिच्या गळ्याभोवती मोजणीचं कडं बसवलं आणि ती दुपारभर गायली. संमतिपत्रात पहिलंच वाक्य होतं: मी हॅना टॅकेट यांची वंशज आहे. ते तिने आईला मोठ्याने वाचून दाखवलं आणि हसत सही केली. त्या संध्याकाळी मार्थाबाईंनी जन्मात पहिल्यांदा घराणं पुरं केलं. “सुवार्ता हॅनाची,” त्या म्हणाल्या, आणि नवी साडी नेसलेल्या पोरीसारख्या लाजल्या.

आता चर्चचे पाळक शिरसाठ यांच्या फोनवरून, त्यांच्याच तोंडून, एस्तेरने वेंडेलना गाठलं.

“भगिनी, आपली क्षमा मागतो,” डबीचं तेच सोवळं मराठी आलं. हॅनाचा आवाज सिद्ध झाला होता. त्याची नक्कल कुणी करू नये म्हणून कुटुंबाने तो राखून घेतला. “यंत्राला आपल्या आवाजात आणि तिच्या आवाजात भेद करता येत नाही. आम्हालाही आला नाही. हा आपला केवढा गौरव!”

“पण नोंद माझी आधीची आहे,” एस्तेर म्हणाली, आणि पाळकांनी ते पुढे सांगितलं.

“गळा तिचा आधीचा आहे. वंशजाचा आवाज हा वारसा ठरतो, मालकी कुटुंबाची. घरच्यांना अर्थातच परवाना असतो. भिंतीवर नाव असलेल्या सगळ्यांना.”

“मग सुवार्तेचं नाव?”

“वडीलधाऱ्यांना वाटलं की हॅनामातेच्या स्मृतीला त्याने बाध येईल. लोक तिला पुजतात, भगिनी. मी तुमच्या बाजूने बोललो. मी खूप बोललो.”

परक्या माणसाचा आवाज योगायोगाने जुळला तर कायदा त्याला सूट देत होता. भिंतीवर नाव असतं तर परवाना होता. एस्तेरचं रक्त होतं आणि नाव नव्हतं, म्हणून तोंड बंद. असा न्याय फक्त शिकलेल्या माणसांना सुचतो.

यंत्र उघडायला गेलं तर ते कायमचं बंद पडणार होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी तसं साफ सांगितलं. वर मार्थाबाईंची छाती भरली होती. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली आणि म्हणाले, घरीच ठेवा.

पुढचे दिवस एस्तेरने आईचं सगळं केलं. अंग पुसलं, पेज भरवली, पाय दाबले. मार्थाबाईंना हात ओळखू येत होता, म्हणूनच तर त्यांचा जीव तुटत होता. “रुसलीस का गं?” त्या विचारायच्या. “तुझ्या लग्नात मी पाटल्या दिल्या न्हाईत म्हनून? गिरनीला न्हाई म्हनले म्हनून? चुकलं माझं. पर बोल.” एस्तेर त्यांचा हात आपल्या हलणाऱ्या ओठांवर धरायची. त्या हात काढून घ्यायच्या. “नुसती पुटपुटतीस. शिव्या देतीस व्हय?”

सलोमीने समजावलं, “आत्या, ती बोलते, तुमच्या मशीनला तिचं चालत नाही.”

“तुझं चालतं. पाळकसाहेबांचं चालतं. त्या बोंबीलवालीचं चालतं. पोटच्या पोरीचंच तेवढं चालत न्हाई? मरायला टेकलेल्या मानसाला खोटं सांगू नगं, सलोमी.”

पाळक शिरसाठ मनाने सरळ, आणि सरळ माणसाच्या हातून कधी कधी फार वाईट घडतं. टॅकेटांनी हॅनाच्या सिद्ध आवाजातली गीतं प्रसिद्ध केली होती. बाईंना तेवढाच विरंगुळा म्हणून त्यांनी एक फोनवर लावलं. पहिल्या ओळीलाच मार्थाबाई कोपरावर उठून बसल्या.

“बोलली! एस्तेर बोलली! अगं माझ्या बाई!” त्यांनी हवेत हात पसरले. “कुठल्या भाषेत म्हनतीस? असू दे, असू दे. म्हन.”

एस्तेर त्या हातांत जाऊन पडली. तिच्या तोंडून एक शब्दही निघत नव्हता आणि आई तिचं गाणं ऐकत तिच्या पाठीवर थोपटत होती. गीत संपलं. मार्थाबाई वाट पाहत राहिल्या. “मराठीत म्हन आता,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज रडवेला झाला, तेव्हा पाळकांनी फोन खिशात घातला आणि ते बाहेर निघून गेले.

त्याच दुपारी एस्तेरने सलोमीला केंटकीला फोन लावायला लावला. “सूट कशी मिळते ते विचार,” ती म्हणाली.

सोपी होती. शपथेवर लिहून द्यायचं: आमचा हॅना टॅकेट यांच्याशी रक्ताचा संबंध नाही, आवाज जुळला तो योगायोग. आधीची कबुली रद्द धरण्यात येईल. मार्थाबाईंच्या वतीने मुलीची सही चालेल. एक अट होती, ती वेंडेलनी डोळे पुसल्यासारख्या आवाजात वाचली. या आवाजात पुन्हा नात्याचा दावा उच्चारला गेला, घरात, खाजगीत, कुठल्याही यंत्रापुढे, तर सूट जागच्या जागी संपेल. कानातलं यंत्र ऐकत असतंच. ऐकणं हेच त्याचं काम.

“भगिनी, तुम्हाला हे नक्की करायचं आहे?” डबीने विचारलं. बहुधा त्यांना ती ‘नाही’ म्हणायला हवी होती, म्हणजे पाप अर्धं अर्धं झालं असतं.

एस्तेरने सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, गिरणी बंद होती, मार्थाबाईंचा श्वास खरखरत होता, आणि एस्तेर सवयीने, काही अपेक्षा न ठेवता म्हणाली, “आई, पाणी घेतेस?”

मार्थाबाईंनी मान वळवली.

किती तरी वेळ एस्तेर ‘आई’ म्हणत होती आणि मार्थाबाई ‘ओ’ देत होत्या, एवढंच. मग मार्थाबाईंनी तिचा हात छातीशी घेतला. “राग गेला का?”

“राग नव्हताच गं आई. कधीच नव्हता.”

“मग घरानं म्हन,” मार्थाबाई म्हणाल्या. “तुझ्या तोंडनं एकदा पुरं ऐकू दे. मग मी जायला मोकळी.”

एस्तेरने डोळे मिटले. “मी एस्तेर, मार्थाची.”

“व्हय.”

“मार्था रिबेकाची. रिबेका सुवार्तेची.”

“व्हय. म्हन.”

नाव जिभेवर येऊन उभं होतं. ते उच्चारलं की आईला ते ऐकू जाणार, आणि त्यानंतर एस्तेरचं काहीच ऐकू जाणार नाही. पाणी घेतेस का, हेसुद्धा नाही.

“सुवार्ता,” एस्तेर म्हणाली, “सुवार्ता देवाची.”

मार्थाबाईंच्या हाताची पकड सैल झाली. आंधळे डोळे छताकडे लागले. बाहेर सलोमीच्या कोंबड्या ओरडत होत्या.

“देवाची?” त्या म्हणाल्या. “म्हंजे परत टाकलं का गं आपल्याला?” आणि थोड्या वेळाने, लहान पोरीच्या आवाजात, “या येळंला कोनी?”

एस्तेरचा आवाज आता थेट आईपर्यंत पोचत होता. तिला फक्त उत्तर द्यायचं होतं.