शिडीने निवडलेली माणसं

निळ्या दिव्याखाली गेलेल्या दहा रुग्णांपैकी नऊ बरे झाले होते. न गेलेल्या दहांपैकी फक्त चार. मग आबा तिच्या धाकट्या भावाला, निहारला, दिव्याखाली का नेऊ देत नव्हते? चार्वीला काही केल्या कळेना.

मंगळावरच्या त्यांच्या भूमिगत वस्तीत महिनाभर धूळतापाची साथ होती. निहार तळमजल्यावर, नाकात प्राणवायूची नळी घेऊन पडला होता. दिवा होता सगळ्यात वरच्या मजल्यावर, उभी लोखंडी शिडी चढून गेल्यावर.

"मी त्याला पाठुंगळी घेते. नळी तासभरच काढायची, आबा!"

आबा म्हणजे चार्वीचे आजोबा आणि वस्तीचे एकुलते एक डॉक्टर. "तासभर? पाच मिनिटं तरी तग धरेल का, बघ त्याच्याकडे."

"मग नुसतं बसून राहायचं? डॉक्टर ना तुम्ही?"

आबांना ते लागलं. तरी त्यांनी शांतपणे विचारलं, "वर कोण कोण गेलं होतं?"

"शकूमावशी, खाणीतले ते दोघे…"

"आणि कोण नाही गेलं?"

"ज्यांना शिडी चढवत नव्हती ते." चार्वी अडखळली. "म्हणजे… जे आधीच जास्त आजारी होते."

"मग दिव्याने माणसं वाचवली, की शिडीने बरी होणारी माणसं निवडली?"

शिडी चढू शकणाऱ्या चाळीस नव्या रुग्णांसाठी आबांनी चिठ्ठ्या टाकल्या (यादृच्छिक निवड : कोण कुठल्या गटात, हे कुणीही आपल्या मर्जीने न ठरवणे). वीस जणांना खरा दिवा, वीस जणांना तसाच दिसणारा साधा दिवा (तुलनागट : बाकी सगळं सारखं, फक्त उपचार नाही). चढले सगळेच. आठवड्याने चार्वीने मोजलं. दोन्हीकडे सोळा-सोळा बरे.

"निदान आशा तरी होती," ती रडत म्हणाली.

"ती आशाच त्याची नळी काढायला निघाली होती, बाळा."

दोन दिवसांनी शेजारच्या वस्तीतून नवं औषध आलं, तळमजल्यावरच्या निम्म्याच रुग्णांना पुरेल एवढं. ते लागू पडतं का, कुणालाच ठाऊक नव्हतं. पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. निहारची निघाली : औषध नाही.

"एकच बदलली तर?" चार्वी कुजबुजली.

आबांनी निहारची चिठ्ठी तिच्या वहीवर ठेवली. "मग दुसरं कुणी त्याच्या माणसाची बदलेल. आणि पुढच्या साथीतल्या पोरांनाही आपण फक्त अंदाजच देऊ."

चार्वीने वहीत लिहिलं : 'निहार, वय सहा, औषध नाही.' मग ती त्याच्या उशाशी बसली आणि त्याचे श्वास मोजू लागली. मिनिटाला बेचाळीस, नेहमीच्या दुप्पट. तोही आकडा तिने नीट लिहिला. पुढे कुणाला तरी तो लागणार होता.