साबणावरची नखं

माणूस दिसायच्या आधी वंदनाला त्याचा वास आला. पेट्रोलचा. स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानात रॉकेलच्या वासात वाढलेली पोरगी ती, पेट्रोल तिला गल्लीच्या तोंडापासून कळायचं. तिनं मान वर केली. शहापूरच्या एसटी स्टँडमागे, तिच्या दारात, एक म्हातारी गाडी धापा टाकत उभी होती. पाठीला गोल, तोंडाला फुगीर, लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती. अंगाला कालच्या लग्नाचे झेंडू अजून चिकटलेले, आणि पोटाखाली थेंब... थेंब... थेंब.

"मिस्त्री हायत का?" गाडीतून उतरलेल्या उंच पोरानं विचारलं.

"हायत."

"बोलवा ना जरा."

"तुमच्यासमोरच उभे हायत."

पोरगा तिच्या काळ्या बोटांकडे बघत राहिला. हसला असता तर तिनं हातोडी उचलली असती. बरेच जण हसायचे, आणि मग गुपचूप स्टोव्ह पुढे करायचे. हा हसला नाही.

"मग बरं झालं," तो म्हणाला. "टाकी गळते."

"दिसतंय. आधी तोंडातली विडी विझवा. मला अजून लग्न करायचंय."

त्यानं झटकन विडी चपलेखाली चिरडली. "कुणाशी?"

"पेटलेल्याशी नाय."

आता मात्र तो हसला... आणि वंदनाला उगाचच पदर सारखा करावासा वाटला. राग आला तिला स्वतःचा.

दुकान तिच्या बापाचं, बुधाजीचं. खर्डीला रेल्वेत नोकरी करून थकलेला माणूस. डोळे अधू झाले तेव्हा त्यानं डाग द्यायचा कय्या लेकीच्या हातात दिला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली कथलाच्या कांड्या. पोरानं फोटो बघितला. नजर चोरली नाही, की मागे सरकला नाही. वंदनानं तेवढं टिपून ठेवलं.

नाव हरेश. मुरबाडच्या वाटेवर सरळगावजवळचा, शेतकऱ्याच्या घरचा. बाप महिपत ही गाडी लग्नाच्या वरातींना भाड्यानं देत होता, चालवायचा हरेश.

वंदना गोणपाट टाकून गाडीखाली शिरली. टाकीची शिवण गंजून उकलली होती. तिनं कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि चिरेवर घासघास घासली. थेंब थांबला.

"साबणानं?" हरेश वाकून बघत होता.

"पेट्रोलात साबण विरघळत नाय. पण हे तात्पुरतं. टाकी उतरवून डाग द्यायला लागंल."

"म्हणजे परत यायला लागंल?"

"लागंल."

"येतो की!" एवढ्या आनंदानं म्हणाला, की बाकड्यावर बसलेला बुधाजी खोकला.

आणि तो येत राहिला. टाकी उतरवायला त्याला कधीच वेळ नसायचा. आज किन्हवलीची वरात, उद्या आटगावची... "आज साबणच लावा." येताना पळसाच्या पानात करवंदं आणायचा.

"ही गाडीला घालू का?" ती विचारायची.

"मिस्त्रीला घाला."

बॅटरी धरायच्या निमित्तानं तोही गाडीखाली शिरायचा. एकदा असाच टाकीचा थेंब तिच्या गालावर पडला. त्याचा हात पुढे आला, अर्ध्यात थांबला.

"पुसू?"

"पेट्रोल हाय ते. आपोआप उडतं."

"मग मी काय करू?"

"बघत बसा."

तो बघत बसला. थेंब उडून गेला तरी बघत होता. गाल गार पडला होता, आणि कान तापलेल्या कय्यासारखे झाले होते तिचे. तिनं बॅटरीच बंद केली.

रूपेशचं, तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. पोरगी मुरबाडची. तिकडे बोलणी करून तो संध्याकाळी घरी आला आणि ताटावर बसताच कडू हसला.

"सरळगावजवळ एकाच्या अंगणात जुनी फियाट बघितली. बोललो, वरातीला देता का? म्हातारा बोलला, देतो की, कुठल्या वाडीतले? मी सांगितलं. लगेच टाकी गळाया लागली त्याची. बोलतो, नको रे बाबा, नवरा पेटंल."

"गळत असंल," बुधाजी म्हणाला.

"त्याच दिवशी दुसऱ्या वरातीला गेली ती, आबा. सासरच्यांनी सांगितलं. आपल्या लोकांनी मागितली, की दरवेळी गळते."

वंदनाची भाकरी तव्यावर करपली. ती टाकी तिनं स्वतःच्या हातांनी बुजवली होती. तिच्या साबणानं बुजलेली टाकी दुसऱ्यांच्या नवऱ्याला घेऊन धावत होती, आणि तिच्याच भावापुढे गळत होती. थू! जात काही गेलीबिली नव्हती. नुसती सबबी सांगायला शिकली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पेट्रोलचा वास आला. हरेश करवंदं घेऊन उभा. तिनं पानाकडे बघितलंही नाही, सरळ गाडीखाली शिरली. आणि तिथं तिला ते दिसलं. साबणाच्या थरावर चार ओरखडे. शेजारी शेजारी, सरळ.

"बाहेर काय उभा हायस? आत ये," ती ओरडली. आजवरचं अहो-जाहो गेलं. तो सरपटत आत आला. "ही नखं कुणाची?"

"उंदीर..."

"हात दाखव."

त्यानं मूठ मिटली. नखांत साबण होता.

"बापानं सांगितलं? गळती ठेव, आमच्या वाडीचं लग्न आलं की सांगाया बरं?"

"नाय गो! आयेची शप्पथ, नाय." त्याचा आवाज चिरकला. "टाकी बरी झाली असती... तर मी इथं कुठल्या तोंडानं आलो असतो?"

किती दिवस वाट बघितली होती या वाक्याची! आलं, ते नेमकं आज.

"आणि बाप टाकीचं कारण सांगून आमच्या लोकांना परत पाठवतो... ते माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. हरेश बोलला नाही खोटं.

"होतं."

"मग?"

"गप बसलो."

"म्हणजे भोक एकच," वंदना म्हणाली. "बाप त्यातनं आमाला बाहेर काढतो, आणि तू त्यातनंच आत येतोस. वा रे प्रेम! टाकी उतरव. आत्ता."

त्यानं मुकाट्यानं बोल्ट सोडले. पेट्रोल कॅनमध्ये काढलं. सोड्याच्या गरम पाण्यानं टाकी पुन्हा पुन्हा विसळली. मग तिनं ती शिवण वर करून ठेवली आणि काठोकाठ पाणी भरायला सांगितलं.

"पाणी कशाला?"

"रिकाम्या टाकीत वाफ दडून बसते. कय्या टेकवला, की आपण दोघं उडून कसाऱ्याच्या घाटात. पाण्यानं भरली, की वाफेला जागा नाय."

तो पाणी ओतत राहिला, त्याच्या पायांवर सांडत राहिलं. भट्टीत कय्या लाल झाला. नवसागराचा धूर उठला आणि चांदीसारखं कथील शिवणीवर पसरत गेलं. हरेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धुराचं असेल. तिनं विचारलं नाही, पण धूर दुसरीकडे जावा म्हणून टाकी जराशी फिरवली. हात ऐकतात थोडेच!

टाकी चढली, पेट्रोल भरलं. खाली ठेवलेला पेपर कोरडा राहिला.

"आता गळणार नाय," ती म्हणाली. "बापाला दुसरं कारण शोधावं लागंल. आणि तुला पण."

"मला कारण नको, वंदना."

"मग बिनकारणाचा ये. दिवसाढवळ्या. रूपेशच्या वरातीला, हीच गाडी घेऊन."

तो गाडीत बसला. हो म्हणाला नाही. गाडी गेली.

मग दिवस कोरडे गेले. रस्त्यावरून स्कूटर गेली तरी वंदनाची मान वर व्हायची. मग ती स्टोव्हलाच शिव्या घालायची. बुधाजी बाकड्यावरून एकदाच म्हणाला, "साबण लय उरलाय गो यंदा."

लग्नाच्या सकाळी विहारासमोर टेम्पो उभा होता. रूपेश डोक्याला फेटा बांधून घामाघूम. वंदना करवली. हिरवी साडी, अबोलीचा गजरा, आणि चेहरा असा की कोणी थट्टा करायला धजत नव्हतं.

या खेपेला वास आला नाही. आधी आवाज आला. धापा टाकणारा, ओळखीचा.

"फियाट," बुधाजी म्हणाला.

धुऊन पुसून लखलखीत झालेली गाडी, नाकावर झेंडूचा जाड हार. पांढऱ्या शर्टातला हरेश उतरला आणि थेट बुधाजीसमोर गेला. "जयभीम, बाबा."

"जयभीम. कोण रे तू?"

"महिपतचा हरेश. टाकीवाला."

"तू होय! आमच्या साबणाच्या वड्या संपवणारा!"

वऱ्हाड हसलं. वंदना हसली नाही. ती सरळ गाडीमागे गेली आणि गुडघ्यांवर बसली. "अगो ताई, साडी!" रूपेश ओरडला. तिनं हात खाली घालून शिवणीवरून बोट फिरवलं. नाकाशी नेलं. कोरडं.

"आज काय निमित्त?" मान वर न करता तिनं विचारलं.

"काय नाय," हरेश म्हणाला. "टाकी चांगली हाय. तरी आलो... तुझ्यासाठी."

गजऱ्यातलं एक फूल गळून पडलं. तिनं ते उचललं, उगाच.

"आणि बाप?"

"ओट्यावर बसलाय. बोलला, त्या वाडीत गेलास तर घरात पाय ठेवू नको. मी चावी उचलली."

"हार कुणी ओवला?"

"आयेनं. बापाच्या समोर बसून."

वंदना उठली. साडीवरची माती झटकली. "मुरबाडची वाट तुमच्याच ओट्यासमोरनं जाते ना?"

"हां."

"घाबरलास?"

"लय." त्यानं पुढचं दार उघडलं. "म्हणून बोलतो, तू पुढं बस. माझ्या शेजारी."

"करवली मागं बसते रे, नवऱ्याजवळ."

"आज पुढं बस ना गो. बापाला काचेतनं नीट दिसू दे."

ती बघत राहिली त्याच्याकडे. मग तिनं पदर सारखा केला, या खेपेला राग न येता, आणि पुढच्या सीटवर बसली. रूपेश मागे कुरकुरत घुसला. ताशा कडाडला.

"विडी?" तिनं विचारलं.

"सोडली. तू बोलली होतीस, पेटलेल्याशी लग्न करणार नाय."

"बोलले होते." वंदनानं काच खाली केली आणि कोपर ऐटीत दारावर टेकवलं. "पण ओट्यासमोरनं जाताना थोडा पेटलास तरी चालंल. आणि गाडी हळू घे. हॉर्न वाजव."